जूकबॉक्समधला पितळी बुश

नमस्कार, श्रोतेहो.

आज जूकबॉक्सबद्दल बोलायचंय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी कपाटाएवढी काचेची पेटी डोळ्यांपुढे आणावी. आत रेकॉर्ड उभ्या रचलेल्या, बाहेर बटणं. नाणं टाकायचं, एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा. आतला हात रेकॉर्ड उचलतो, थाळीवर ठेवतो, गाणं सुरू. आमच्या पेटीत ५० रेकॉर्ड होत्या, म्हणजे दोन्ही बाजू धरून १०० बटणांची निवड.

'आमच्या' म्हटलं खरं, पण तेव्हा ती आमची नव्हती. पुण्यात कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला उभी असायची. साल १९७४, मी कॉलेजात. चार आण्यांत एक बाजू वाजायची. आता यातली गंमत ऐका. सिंगल रेकॉर्ड असली तर एका बाजूला एकच गाणं. ईपी असली तर एका बाजूला दोन. पैसे तेवढेच! मग कुठलं बटण ईपीचं, याचं कोष्टक आम्ही पावकीसारखं पाठ केलेलं. नवखा कुणी सिंगलवर चार आणे घालवायला निघाला की आमच्या टेबलावरून आरोळी जायची.

तर ते हॉटेल पुढे बंद झालं. पेटी गोदामात गेली. कित्येक वर्षांनी मालकांच्या पुतण्याचा फोन आला, "काका, गोदाम रिकामं करतोय. भंगारवाला उद्या येणार. तुम्ही नेताय?" मी नेली. उचलायला पाच जण लागले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या जागेवर ठेवली आणि तिथून पुढे सेक्रेटरींची तीन पत्रं आली. त्यांत शिरत नाही. एवढंच सांगतो, पार्किंगमध्ये जुने सोफे चालतात, मोडकी सायकल चालते, गाणारी पेटी मात्र चालत नाही.

पेटी रॉक-ओला कंपनीची, शिकागोची. नाव ऐकून लोकांना वाटतं रॉक संगीतावरून ठेवलं असेल. तसं नाही. डेव्हिड रॉकोला नावाचे गृहस्थ होते, त्यांचं आडनाव. सुरुवातीला ते नाण्यावर चालणारे वजनकाटे बनवायचे. म्हणजे रेल्वे फलाटावर आपण ज्यावर उभे राहायचो आणि तिकिटावर वजनासोबत भविष्यही यायचं, त्या जातीची यंत्रं. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात अमेरिकन सैन्यासाठी रायफली तयार झाल्या. वजनकाटा, गाणं, रायफल, सगळं एकाच छपराखाली.

आता कामाचं. घरात जुना रेडिओ असो, रेकॉर्ड प्लेअर असो की जूकबॉक्स असो, पहिला नियम एकच. थेट प्लग लावू नका. पुन्हा सांगतो, थेट प्लग लावू नका. वाल्वच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकलेले असतात. एकदम वीज दिली तर ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाळतात. आपल्या वायरमनकडे सिरीजचा बोर्ड असतो ना, १०० वॅटचा बल्ब लावलेला? त्यातून वीज द्यायची. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करायचं. आणि बंद केल्यावरही आत लगेच हात घालायचा नाही, कपॅसिटरमध्ये वीज साठून असते. ज्याला याची सवय नाही त्याने ते काम जाणकाराकडे द्यावं.

सुटे भाग मिळतात का, हा सगळ्यांचा प्रश्न. बरेचसे मिळतात. कपॅसिटर आणि रेझिस्टर मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणले. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. वाल्व अजून नवे बनतात, ते गिटारवाल्यांच्या कृपेने. त्यांना वाल्वच्या अ‍ॅम्प्लिफायरचाच आवाज लागतो. आमच्या पिढीने ज्या पोरांच्या लांब केसांवर टीका केली त्यांच्यामुळे माझी पेटी गाते, हे कबूल करायला हवं. सुई आणि कार्ट्रिज परदेशातून मागवावं लागलं. काचा, क्रोमच्या पट्ट्या यांसाठी रविवारी जुना बाजार, आणि मुंबईला गेलो की चोरबाजारातली मटण स्ट्रीट. तिथे जाताना 'व्हिंटेज' हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. तो शब्द ऐकला की दुकानदार आधी खुर्ची देतो, मग चहा सांगतो, आणि मग किंमत सांगतो.

अजून एक, आणि हे रागाने सांगतोय. काही लोक असली पेटी घेतात, आतलं सगळं काढून फेकतात आणि बाटल्या ठेवायचं कपाट करतात. बाहेरून दिवे लावतात! तबल्याची शाई खरवडून त्यात कुंडी लावण्यासारखं आहे हे.

बरं. आता तो किस्सा. खरं तर यासाठीच मी हे भाषण द्यायला हो म्हटलं.

सात महिने खपून पेटी तयार झाली. एका रविवारी शेजारीपाजारी जमले, सेक्रेटरीसुद्धा आले, हात मागे बांधून. सौ.ने शिरा केला होता. मी चार आणे टाकले, बटण दाबलं. हात हलला, रेकॉर्ड उचलली, थाळीवर ठेवली. टाळ्या! एका नामवंत गायिकेची लावणी होती. आणि पेटीतून आवाज आला तो भरदार, संथ, एखाद्या कीर्तनकार बुवांसारखा. ढोलकीसुद्धा पखवाजासारखी. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "छान आहे हो अभंग."

मी म्हटलं, ग्रीस घट्ट झालंय, म्हणून थाळी जड फिरतेय. सगळं खोललं, रॉकेलने धुतलं, नवं तेल घातलं. बुवा तसेच. मग म्हटलं, वीज कमी पडत असेल. अमेरिकन पेटी ११० व्होल्टची, म्हणून खाली हॉटेलच्या काळापासून एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर बसवलेला आहे, आपल्या २३० चे ११० करणारा. मीटर लावला, तर ११२. ठणठणीत. मग संशय गेला रबरी चाकावर. मोटरचा दांडा आणि थाळी यांच्या मध्ये एक रबरी चाक असतं, आयडलर म्हणतात त्याला. मोटर त्याला फिरवते, ते थाळीला फिरवतं. ते झिजून लहान झालं असेल म्हणून थाळी हळू फिरत असेल, असं माझं गणित. भोसरीत रबराचे रोलर करणाऱ्याकडून नवं रबर चढवून आणलं. सहाशे रुपये गेले. बुवा तसेच!

आता इथे माझी चूक लक्षात घ्या, कारण ही चूक बरेच जण करतात. मधलं चाक लहान असो की मोठं, थाळीचा वेग बदलत नाही. ते फक्त निरोप्या आहे, मोटरच्या दांड्याचा वेग थाळीच्या कडेला पोचवतं. वेग ठरतो मोटरच्या दांड्याच्या जाडीवर. दांड्याच्या जाडीवर, मधल्या चाकावर नाही.

पण हे मला सुचलं नाही. सुचवलं आमच्या सौ.ने. ती पेटी शिकवते, म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. महिनाभर ती माझा उद्योग बघत होती. एक दिवस खाली हार्मोनियम घेऊन आली, लावणी लावायला सांगितली आणि स्वर शोधायला लागली. म्हणाली, "हे गाणं काळी पाचचं आहे. तुमच्या यंत्रात ते पांढरी पाचला वाजतंय. तीन सूर खाली. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनच सूर, इकडचं तिकडे नाही. ग्रीसमुळे अडकत असतं तर आवाज डगमगला असता. हा डगमगत नाही. हे यंत्र बिघडलेलंच नाही, ते वेगळ्या पट्टीत व्यवस्थित गातंय."

मी रेकॉर्डवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, घड्याळ घेतलं आणि फेरे मोजले. मिनिटाला ४५ हवेत. भरले साडेसदतीस. तीनदा मोजले, तीनदा साडेसदतीस.

मोटर काढून पिशवीत घातली आणि नाना पेठेत एका लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोटरवरची पाटी वाचली आणि विचारलं, "साहेब, यावर ६० सायकल लिहिलंय. आपल्याकडे वीज किती सायकलची?" सायकल म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, या मोटरचा वेग त्यांवर ठरतो. मी म्हटलं, "५०." म्हणाले, "मग पंचेचाळिसाचे साडेसदतीसच होणार की. साठाला पन्नास, म्हणजे सहाला पाच." मी म्हटलं, "पण मामा, ट्रान्सफॉर्मर आहे." त्यावर ते जे बोलले ते मी डायरीत लिहून ठेवलंय. "ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, साहेब. सायकल त्याच्या बापाला बदलत नाही."

श्रोतेहो, हे परत सांगतो. परदेशी मोटर असलेलं कुठलंही जुनं यंत्र घेताना व्होल्टसोबत सायकलही बघा. व्होल्टचा उपाय विकत मिळतो. सायकलचा उपाय लेथवर करावा लागतो.

तो उपाय असा. मोटर सहाऐवजी पाच फेरे घेते ना, मग दांडा त्याच प्रमाणात जाड करायचा. पाचाचा सहा. दांड्यावर पितळी बुश चढवायचा, टोपीसारखा, आणि बारीक ग्रब स्क्रूने आवळायचा. मामांनी तासाभरात केला. घरी आणून लावला. गायिका परत आल्या! पण रिक्षात बसून आल्यासारख्या, खड्ड्याखड्ड्याने हेलकावे खात. बुशाचं भोक केसभर मध्याबाहेर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी परत नाना पेठ. मामांना राग आला, माझा नव्हे, स्वतःचा. दुसरा बुश त्यांनी डायल लावून, दोनदा तपासून केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हाच त्यांनी दांडा उजेडात धरला आणि म्हणाले, "आधी हॉटेलात नीट वाजायची ना? मग यावर पहिलाही बुश असणार. ही बघा स्क्रूची खूण. कुणीतरी काढलाय." मी म्हटलं, "काय लोक असतात मामा! ज्यातलं कळत नाही त्यात हात घालतात. कुणीतरी गाढवाने काढून फेकला असेल."

दिवाळीच्या आवराआवरीत सौ.ने शिवणाच्या डब्यातून एक काळी प्लॅस्टिकची डबी काढली. कॅमेऱ्याचा रोल यायचा ती. आत दोन बटणं, एक सेफ्टी पिन आणि एक पितळी बुश. बाहेरून रबराचा काळा पट्टा उमटलेला. डबीवर चिठ्ठी, माझ्याच अक्षरात, 'मोटरवरचा कचरा, बघून टाकणे'. पहिल्याच दिवशी सफाई करताना मीच काढला होता. मामांना नेऊन दाखवला. त्यांनी व्हर्नियर लावून दोन्ही बुश मापले, एकसारखे निघाले. गाढवाबद्दल ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा मीच पाजावा असं त्यांनी ठरवलं.

म्हणून पेटी खोलायच्या आधी फोटो काढा. मोबाइलमध्ये जेवणाचे फोटो काढता तसे दर स्क्रूचे काढा. निघालेला प्रत्येक तुकडा पुडीत, आणि पुडीवर कुठून निघाला ते. काय वाटतं ते नाही लिहायचं, कुठून निघाला तेवढंच.

वेळ संपत आलीय, नाण्यांचं मात्र सांगायलाच हवं. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं. लोक प्रेमाने घरातली चार आण्यांची नाणी आणून देतात, आणि त्यांतली बहुतेक गेंड्याचं चित्र असलेली असतात. ती स्टीलची. पेटीत खोटी लोखंडी चकती पकडण्यासाठी लोहचुंबक आहे, त्याला गेंडा चिकटून बसतो. १९७२ नंतरची तांबे-निकेलची नाणी सरळ खाली घसरतात. अशी माझ्याकडे अकरा आहेत. पाहुणे आले की मी अकरा देतो आणि कार्यक्रम संपल्यावर मागचं झाकण उघडून अकरा मोजून परत घेतो. मागच्या महिन्यात दहा निघाली. सेक्रेटरींवर माझा संशय आहे. हल्ली ते रोज संध्याकाळी खाली येतात आणि कुठलं बटण ईपीचं, ते त्यांनाही पाठ झालंय.

नमस्कार.