नदीवाटेनं मोबीलपर्यंत

[दृश्य: शिकागो, सकाळ. काचेच्या उंच इमारतींमधून जाणारी नदी, वर एकामागून एक पूल. खालून एक पांढरी बोट संथपणे येते.]

या प्रवासाचा पहिला नियम एका पुलानं ठरवलेला आहे. शिकागोच्या नैऋत्येला, लेमाँट गावाजवळ, कालव्यावर एक रेल्वेपूल आहे. तो उघडत नाही, उचलला जात नाही, आणि पाण्यापासून त्याची उंची आहे जेमतेम साडेएकोणीस फूट. मिशिगन सरोवरातून नद्यांच्या वाटेनं दक्षिणेला जायचं तर त्याच्याखालून जाण्यावाचून गत्यंतर नाही. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीतून जायची हौस असेल, तर तिथले पूल आणखी खाली, सतरा फुटांवर. शिडाच्या बोटी म्हणूनच आधी डोलकाठी उतरवून छतावर आडवी बांधतात.

आपल्या या बोटीला ती काळजी नाही. अँटेना पाडली की ती पुलाखालून आरामात जाते. लांबी ३८ फूट, एकच डिझेल इंजिन, आणि वेग ताशी आठ मैल. काठावरचा सायकलवाला हात हलवत पुढे निघून जाईल, एवढाच. बोटीवर माणसं दोन. साठी ओलांडलेला तो, साठीला टेकलेली ती. नोकऱ्या संपल्या, घर भाड्यानं दिलं, आणि आता हेच घर.

ते निघालेत त्या वाटेला अमेरिकेत ‘ग्रेट लूप’ म्हणतात. देशाच्या पूर्व भागाला पाण्यावरून घातलेली प्रदक्षिणा, साधारण ६,००० मैलांची. बहुतेक लोक ती वर्षभरात पुरी करतात, आणि घड्याळाच्या उलट दिशेनं करतात, म्हणजे मोठ्या नद्यांचा ओढा पाठीशी राहतो. आपण बघणार आहोत तो तिचा नद्यांचा तुकडा: शिकागोपासून अलाबामातल्या मोबील बंदरापर्यंत, सुमारे १,३०० मैल.

[दृश्य: कालवा. दोन्ही बाजूंना दगडी काठ, कारखाने, लोखंडाचे ढीग.]

शिकागो नदी पूर्वी सरोवरात जाऊन मिळायची, आणि शहराची घाण घेऊन मिळायची. पिण्याचं पाणीही त्याच सरोवराचं. शेवटी १९०० साली कालवा खोदून नदीची दिशाच फिरवली. सरोवराचं पाणी तेव्हापासून नदीत येतं आणि पुढे मिसिसिपीच्या खोऱ्यात उतरतं. ही बोट आज त्याच उतारावरून चालली आहे.

रोमिओव्हिलजवळ पाट्या दिसू लागतात. इथं पाण्यात वीज सोडलेली आहे. खालच्या नद्यांमध्ये माजलेले परदेशी कार्प मासे सरोवरात चढू नयेत, म्हणून घातलेलं हे विजेचं कुंपण. ठरलेल्या टप्प्यात थांबायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, डेकवर असाल तर लाइफ जॅकेट हवंच. दोघं गप्प बसून ते अंतर पार करतात. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते मासे पुढे इलिनॉय नदीत भेटतात. इंजिनाचा आवाज आला की चंदेरी कार्प पाण्याबाहेर उसळतात, आणि एखादा थेट बोटीतही येऊन पडतो. नंतर त्याची चिकट घाण कोण पुसणार, हा प्रश्न उरतोच.

[दृश्य: लॉकपोर्ट. लाल दिवा. बोट काठाला थांबलेली. समोरून पंधरा बार्जांचा, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यांचा, ताफा.]

आता थांबायचं. किती वेळ, ते कुणीच सांगत नाही.

या नद्यांवरचे बांध आणि बोटींना वरखाली नेणारे लॉक चालवतं अमेरिकेच्या सैन्याचं अभियंता दल. हौशी बोटींकडून एक पैसाही घेत नाही, पण क्रम पक्का: आधी सरकारी आणि लष्करी बोटी, मग प्रवासी, मग मालवाहू, आणि सगळ्यांच्या शेवटी ही घरची बोट. समोरचा ताफा ६०० फुटांच्या लॉकमध्ये एका दमात मावत नाही. तो तोडायचा, अर्धा आधी न्यायचा, उरलेला मागून, आणि पलीकडे पुन्हा बांधायचा. दीड-दोन तास त्यातच जातात. मागे दुसरा ताफा उभा असेल तर दुपार गेली म्हणून समजा. ती पुस्तक काढते. तो दर दहा मिनिटांनी उठून दिवा हिरवा झाला का ते बघतो.

लॉक म्हणजे काँक्रीटची लांबलचक कोठी, दोन्ही टोकांना दारं. बोट आत आली की मागचं दार लागतं आणि तळाशी झडपा उघडतात. पंप वगैरे काही नाही. पाणी स्वतःच्या वजनानं निघून जातं. लॉकपोर्टला ते सुमारे चाळीस फूट उतरतं. मघाशी हाताशी असलेला कठडा आता वर आभाळात असतो, आणि बाजूला शेवाळलेली, निथळणारी भिंत. कुठे कर्मचारी वरून दोर सोडतात, कुठे भिंतीच्या खाचेत पाण्याबरोबर खाली जाणारे तरंगते खुंट असतात. दोर खुंटाला वेढायचा, पण बोटीवर गाठ मारायची नाही, हातातच धरायचा. खुंट मध्येच अडकला आणि दोर बांधलेला असला, तर पाणी खाली जाईल आणि बोट दोरीला लटकेल. म्हणून चाकू खिशात.

आणि इथं या जोडप्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बहुतेक बोटींवर नवरा सुकाणूवर असतो आणि बायको फेंडर (भिंतीचा धक्का झेलणाऱ्या गाद्या), दोर, भिंत, सगळं सांभाळत धावत असते. हे उलटं आहे, असं माझं स्पष्ट मत. ताकद लागते दोराला. सुकाणूला लागते ती नजर आणि हलका हात. या बोटीवर लॉकमध्ये शिरताना सुकाणू तिच्याकडे असतं, दोर त्याच्याकडे. दोघांच्या कानांवर हेडसेट. अशा हेडसेटना बोटवाल्यांनी गमतीनं ‘संसार वाचवणारे’ असं नाव ठेवलंय. इंजिनाच्या आवाजात वीस फुटांवरून ओरडून सांगितलेली साधी सूचनाही भांडणासारखी ऐकू येते, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच ते नाव पटेल. “चार फूट. तीन. घेतला दोर.” तो एवढंच बोलतो. तिला एवढंच हवं असतं.

[दृश्य: इलिनॉय नदी. धान्याची कोठारं, सपाट शेतं, पिवळी पडू लागलेली झाडं.]

पुढची इलिनॉय नदी संथ आहे. धान्याची कोठारं, पियोरिया शहर, पुन्हा कोठारं. ग्राफ्टनला ती मिसिसिपीला मिळते, तेव्हा पात्र एकदम रुंदावतं. थोडं खाली मिसुरी येऊन मिळते, आणि पाण्याचा रंग गढूळ होतो.

इथं चूक करून चालत नाही. सरळ नदीनं गेलं तर पुढे खडकांचा बंधारा आहे. बोटींनी डाव्या हाताला ‘चेन ऑफ रॉक्स’ कालव्यात शिरायचं. कालव्याच्या टोकाला मिसिसिपीवरचं शेवटचं लॉक, क्रमांक २७. यानंतर थेट समुद्रापर्यंत या नदीवर एकही बांध नाही.

[दृश्य: सेंट लुइस. ६३० फूट उंचीची कमान. तिच्यासमोरून बोट वेगानं पुढे.]

१९६५ साली पुरी झालेली ही कमान बघायला जगभरातून लोक येतात. या दोघांना ती बघायला मिळते चालत्या बोटीतून, पाच-दहा मिनिटं. शहरासमोर छोट्या बोटीसाठी मरिना, म्हणजे थांबायचा धक्का, नाही. इंधनाचा शेवटचा भरवशाचा धक्का मागे ऑल्टनला राहिला, आणि पुढचा पडुका शहरात, जवळजवळ २५० मैलांवर. डिझेलच्या बोटीला हे जमतं. पेट्रोलच्या वेगवान बोटी मात्र डेकवर कॅन बांधून निघतात आणि सगळा रस्ता मोजूनमापून चालतात.

आणि ही नदी हौशी लोकांची नाही, हे इथं नीट कळतं. एका बार्जची लांबी १९५ फूट, रुंदी ३५ आणि पोटात १,५०० टन माल. सेंट लुइसच्या वर लॉकमुळे असे पंधरा जोडता येतात. खाली लॉक नाहीत, त्यामुळे तीस, चाळीस. हे सगळं एकच टोबोट मागून ढकलते. तिच्या कप्तानाला ताफ्याच्या नाकापुढचं कितीतरी पाणी दिसतच नाही, आणि थांबायचं ठरवलं तरी थांबायला मैलभर लागतो. त्यामुळे वळणावर आपला हक्क कोणता, याचा विचार करायचा नसतो. बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १३ लावायचं आणि विचारायचं. पलीकडून जड, दक्षिणी आवाजात उत्तर येतं: “वन व्हिसल.” समोरासमोर येत असू तर याचा अर्थ, मला तुझ्या डाव्या हाताला ठेव. पूर्वी हे शिट्ट्या वाजवून ठरायचं, आता रेडिओवर ठरतं, शब्द तेच राहिले. पहिल्या दिवशी तो बोलताना अडखळला. आता रेडिओ तीच उचलते, आणि कप्तान मंडळी तिला “मॅडम” म्हणतात. एकूण, विचारणाऱ्याशी ही माणसं फार अदबीनं वागतात.

पाण्याचा ओढा एवढा की आठ मैलांची बोट अकरा-बाराच्या वेगानं चालते. पण त्याच ओढ्यात ओंडकेही येतात. काही तरंगतात, काही पाण्याखाली अर्धे उभे. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं फक्त पाणी बघायचं, आणि तासाभरानं अदलाबदल. डोळे शिणतात. गप्पा बंद होतात.

[दृश्य: संध्याकाळ. केप जिरार्डोच्या खालचा अरुंद ओहोळ. चार बोटी नांगरलेल्या.]

मुख्य पात्रात रात्री थांबता येत नाही. केप जिरार्डोच्या खाली ‘लिटल डायव्हर्जन चॅनल’ नावाचा ओहोळ आहे. प्रवाहातून एकदम वळून त्यात शिरायचं, मागे-पुढे दोन नांगर टाकायचे, म्हणजे बोट फिरत नाही. तिथं आधीच तीन बोटी असतात, बहुतेक सगळ्यांवर लूपवर निघालेल्यांचा पांढरा झेंडा. फेरी पूर्ण केली की तो सोनेरी होतो.

दुसऱ्या दिवशी केरो. इथं ओहायो येऊन मिळते, आणि बोट डावीकडे वळते. वळणाच्या अलीकडे बारा मैलांचा वेग, पलीकडे सहा. इंजिनाचा आवाज तोच, काठ मात्र हलायचे थांबल्यासारखे.

ओहायोवर ऑल्मस्टेड लॉक लागतं. १९२०च्या दशकातले दोन म्हातारे बांध बदलून एक नवा बांधायचा, असं अमेरिकेच्या काँग्रेसनं १९८८ मध्ये ठरवलं. अंदाज होता ७७ कोटी डॉलरचा. काम पुरं झालं २०१८ मध्ये, आणि खर्च गेला तीनशे कोटींच्या घरात. सरकारी कामं कुठेही सरकारीच. पण त्याआधी जुन्या लॉकपाशी दिवसदिवस ताटकळलेल्या बोटवाल्यांना विचारा, ते हा हिशेब काढत नाहीत.

पडुकाला इंधन भरलं. तिथं राष्ट्रीय क्विल्ट (गोधडी) संग्रहालय आहे; ती तिथं अर्धा दिवस रमली. तो बोटीत झोपून राहिला.

[दृश्य: केंटकी सरोवर. विस्तीर्ण निळं पाणी, तांबडी झाडं.]

टेनेसी नदीच्या तोंडाशी केंटकी लॉक आहे, आणि तिथं मालवाहू ताफ्यांची रांग. म्हणून हौशी बोटी जरा वळसा घेऊन कंबरलँड नदीनं जातात, बार्कली लॉकमध्ये ५७ फूट वर चढतात, आणि छोट्या कालव्यातून केंटकी सरोवरात येतात. १९४४च्या धरणानं झालेलं हे सरोवर १८४ मैल लांब आहे. त्याच्या पोटात बर्मिंगहॅम नावाचं एक जुनं गावही आहे.

घाई आता करायची नसते. वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि अनेक विमा करारांत साधारण १ नोव्हेंबरच्या आत दक्षिणेच्या किनाऱ्याकडे जायला मनाई असते. आज आहे ऑक्टोबरचा पहिला आठवडा. म्हणजे झाडं लाल होताना बघत, खाडीखाडीत नांगर टाकत राहायचं. त्याला ते जड जातं. मिसिसिपीवर एक शब्द न भांडलेली ही दोघं इथं, काही धोका नसताना, उद्या निघायचं की परवा यावरून भांडली. कॅमेरा आम्ही तेव्हा बंद केला होता.

काठावर शायलोची रणभूमी लागते. एप्रिल १८६२ मध्ये, दोन दिवसांत, इथं सुमारे २४,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. आज तिथं हिरवळ आहे आणि ओळीनं दगड.

[दृश्य: सरळ खोदलेला कालवा. क्षितिजापर्यंत पाणी, वाहन एकही नाही.]

टेनेसी नदी उत्तरेला वाहत जाते. तिला टॉमबिग्बी नदीला जोडलं तर समुद्राला जवळची वाट मिळेल, हा विचार फार जुना. प्रत्यक्ष खोदकाम १९७२ मध्ये सुरू झालं, आणि वाट खुली झाली १९८५ साली: २३४ मैल, दहा लॉक, खर्च जवळपास दोनशे कोटी डॉलर. पनामा कालव्यापेक्षा जास्त माती इथं उपसली गेली. मधला डोंगर कापून केलेला २९ मैलांचा सरळ पट्टा तर चालवताना झोप आणतो. त्याच्या टोकाचं जेमी व्हिटन लॉक बोटीला एका वेळी ८४ फूट खाली नेतं. मालाची वाहतूक मात्र मांडलेल्या अंदाजाच्या जवळपासही गेली नाही. कर भरणाऱ्याच्या नजरेनं हा आतबट्ट्याचा व्यवहार. या बोटीच्या नजरेनं, लॉकवर हाक मारली की दार उघडं.

ईप्सला खडूचे पांढरे कडे पाण्यातून उभे राहतात. मग डेमोपोलिस. नेपोलियनच्या पाडावानंतर देश सोडलेल्या फ्रेंचांनी द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकवायला १८१७ मध्ये वसवलेलं हे गाव. पीक काही आलं नाही. गाव राहिलं.

तिथून मोबील २१७ मैल, वळणावळणाचे आणि जवळजवळ निर्जन. कॉफीव्हिल हे शेवटचं लॉक. त्याच्या खाली पाणी भरती-ओहोटीनं वरखाली होऊ लागतं, आणि नांगराचा दोर किती सोडायचा हे नव्यानं मोजावं लागतं.

[दृश्य: मोबील बंदर. क्रेन, समुद्रात जाणारी जहाजं. त्यांच्यामधून छोटी पांढरी बोट.]

नोव्हेंबर लागला आहे, विम्याची अडचण संपली. नद्याही संपल्या. पुढे किनाऱ्याकिनाऱ्यानं फ्लोरिडातल्या कॅराबेलला जायचं, आणि तिथून मेक्सिकोचं आखात ओलांडून टार्पन स्प्रिंग्ज गाठायचं. अंतर सुमारे १७० मैल, म्हणजे या बोटीच्या वेगानं वीस तासांहून जास्त, रात्र धरून. हवामान चांगलं मिळेपर्यंत कधी आठवडाभर थांबावं लागतं. तेवढ्या वेळात पाळ्या ठरवायच्या आहेत. मध्यरात्री ते पहाटे चारची पाळी कुणाची, यावर अजून एकमत झालेलं नाही.