खाली गाड्या, वर घरं

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, गेल्या काही वर्षांत उठलेल्या अपार्टमेंट पाहा. खाली मोकळं पार्किंग, वर तीन-चार मजले घरं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंग निघतो, लिफ्ट निघते, टाकी निघते. खांबांचा विषय कुणी काढत नाही.

किल्लारी इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे भूकंप झाला, तेव्हा सोलापूरही हललं. तिकडे कोसळली ती दगडमातीची घरं. त्यामुळे ‘आपलं आरसीसी आहे, काही होत नाही’ हा भरवसा उलट वाढला. 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आरसीसी इमारतीच खाली बसल्या. त्यातल्या कितीतरींच्या तळाशी असंच पार्किंग होतं.

वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती खांबांना आधार देतात. तळाला भिंतीच नाहीत, म्हणून धक्क्याचं सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या खांबांवर येतं. त्यात जुन्या कामात उभ्या गजांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा लांब-लांब, त्यांची टोकं म्हणजे हूक नव्वद अंशात वळवलेले. बाहेरचं काँक्रीट सुटलं की अशी रिंग उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात. 135 अंशांचा हूक आणि खांबाच्या टोकांशी जवळजवळ रिंगा हे 1993 च्या भारतीय मानकात लिहिलेलं आहे. साइटवर ते किती पोचलं, हे गिलावा फोडल्यावरच कळतं.

म्हणून आधी तपासणी: हॅमर टेस्ट म्हणजे काँक्रीटवर ठोकून त्याचा कठीणपणा पाहणं, कोअर म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा काढून दाबून पाहणं, गज मोजणं. मग जॅकेटिंग, म्हणजे जुना खांब खरवडून त्याच्याभोवती नवे गज, नव्या रिंगा आणि किमान 100 मिलिमीटर नवं काँक्रीट. इथे एक चलाखी चालते. गज स्लॅबखालीच थांबवतात. खांब जाडजूड दिसतो, पण टोकाशी वाकणं सोसायची ताकद होती तेवढीच राहते. गज स्लॅबला भोकं पाडून वर न्यायचे, तर पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी हॉलची फरशी फुटणार. काम बहुतेक तिथंच अडतं.

दुसरा उपाय दोन खांबांमध्ये आरसीसी भिंत. एकाच कोपऱ्यात घातली तर इमारत पिळली जाते, म्हणून दोन्ही दिशांना, समोरासमोर हवी. चार-दोन गाड्यांची जागा जाईल. आणि ती भिंत पार्किंगच्या फरशीवर उभी करून भागत नाही. खोदून नवा पाया घालावा लागतो, तोही जुन्या पायांशी बांधून.