आंब्याखालची ब्राह्मी

हे आमचं आंब्याचं झाड, आणि ह्याच्या बुडाशी कित्येक वर्षं नुसती माती होती. लॉन दोनदा लावून झालं, दोन्ही वेळा तीन महिन्यात टक्कल, कारण खाली ऊन पोचतच नाही. आता पसरलीय ती ब्राह्मी, जुनी माणसं हिला कारिवणा म्हणतात.

नावाचा मात्र घोळ आहे बरं का. नर्सरीत ब्राह्मी मागा, कधी ही देतात, कधी बारीक जाडसर पानांची नीरब्राह्मी. मला आधी तीच मिळाली, तिला ऊन आणि चिखल लागतो, आंब्याखाली आठवड्यात लुळी पडली बिचारी. अजून एक दिसायला अशीच असते, पण तिचं पान छत्रीसारखं, देठ मधोमध. हिचं बघा, जवळ या, कडेला बारीक दाते, आणि देठ लागतो तिथे आतपर्यंत खाच. चुरगाळलं की गाजराच्या पाल्यासारखा हलका वास, कारण ही कोथिंबीर-गाजराच्याच कुळातली. आपलंच काय, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७५३ ला हिला त्या छत्रीवालीच्या गटात टाकलेलं, तिथून १८७९ मध्ये सेंटेला नावाच्या वेगळ्या गटात आणली.

लावायचं म्हणाल तर बी-बिचं विसरा. ही लालसर दोरी जमिनीवरून सरपटत जाते ना, तिच्या प्रत्येक पेराला खाली मुळं आणि वर पानं फुटतात, दोन-तीन पेरांचा तुकडा तोडायचा, आडवा ठेवायचा, पेर मातीत दाबायचं, वीतभर अंतर सोडून पुढचा. माती कुजलेल्या पाल्याची, थोडं शेणखत, आणि पाणी, पाणी, पाणी! आम्ही मुद्दाम टाकीचं ओव्हरफ्लो इकडे वळवलंय. सावलीत पानं मोठी, देठ लांब. उन्हात तीच पानं बारकी, पिवळट, निबर. मे महिन्यात पाणी चुकलं तर वरचं सगळं जळतं, घाबरू नका, मुळं जिवंत असली तर पाऊस पडला की परत वर येते. पावसात गोगलगायी, त्या हातानेच वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी जमला नाही.

आणि हो, हे लॉन नाही, रोज तुडवलं तर मरेल, म्हणून मध्ये चिऱ्याच्या लाद्या टाकल्यात. फूल बघायचं असेल तर खाली वाका, पान उचला, मातीला टेकून गुलाबीसर ठिपका दिसेल, एवढंच.

खायची असेल तर गटाराकडेची, रस्त्याकडेची नको, ही मातीतले जड धातू ओढून घेते. घरची मात्र खोबरं, हिरवी मिरची आणि चिंच घालून वाटा, चव किंचित कडू. कर्नाटकात हिलाच ओंदेलग म्हणतात, जिरं-मिरं-खोबऱ्याबरोबर वाटून ताकात कालवतात, ती तंबळी, उन्हाळ्यात भातावर काय लागते!

यंदा ही गडग्याच्या फटीतून पलीकडे शेजारच्या काकूंच्या अळूत शिरली. मी उपटायला गेलो तर काकू म्हणाल्या, राहू दे रे, चटणीपुरती मला होईल.