रायसीना टेकडीवरची बग्गी

सोनेरी काठांची ही बग्गी नीट पाहा. हिच्यात एकेकाळी व्हाइसरॉय बसायचे. फाळणीत सरकारी मालमत्तेच्या वाटण्या झाल्या, तेव्हा भारत आणि पाकिस्तान दोघांनाही ही हवी होती. शेवटी नाणं उडवलं आणि कौल भारताच्या बाजूने पडला, असं सांगतात.

मागे दिसतं ते राष्ट्रपती भवन. खोल्या ३४०. एडविन ल्युटेन्सने हे उभारलं ते इंग्रजी राजवटीचा रुबाब दिसावा म्हणून. पण १५ ऑगस्ट १९४७ रोजी इथल्याच दरबार हॉलमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. त्यांत काकासाहेब गाडगीळ होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महूच्या लष्करी छावणीत, सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेले बाबासाहेब व्हाइसरॉयच्या घुमटाखाली देशाचे कायदामंत्री झाले! हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की आजही ऊर भरून येतो.

मग उजाडली २६ जानेवारी १९५०. सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी याच दालनात भारत प्रजासत्ताक झाला. घोषणा वाचली मावळते गव्हर्नर जनरल राजाजींनी. सहाच मिनिटांनी डॉ. राजेंद्र प्रसादांचा शपथविधी झाला. ३१ तोफांची सलामी झडली. दुपारी सहा घोड्यांच्या बग्गीतून नवे राष्ट्रपती इर्विन स्टेडियमवरच्या संचलनाला निघाले. सोहळ्याचे पाहुणे होते इंडोनेशियाचे सुकर्णो.

पुढे प्रथाच पडली. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला राष्ट्रपती पाहुण्यांना चहापानाला बोलावतात. या सोहळ्याचं नाव 'ॲट होम'. २००७ ते २०१२ या काळात यजमान होत्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. राजदूत, सेनाधिकारी, मंत्री तर येतातच. अलीकडे शेतकरी, कारागीर, बचतगटांतल्या बायकाही याच हिरवळीवर दिसतात. व्हाइसरॉयच्या काळात त्यांना इथे कुणी बोलावलं असतं?

बग्गी मात्र मध्ये थांबली होती. १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली आणि सुरक्षेपायी राष्ट्रपती मोटारीतून जाऊ लागले. २०१४ मध्ये प्रणव मुखर्जी बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या सांगतेला, पुन्हा बग्गीतून आले.

आणि २६ जानेवारी २०२४. चाळीस वर्षांनी बग्गी संचलनाकडे निघाली. शेजारी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन, आणि यजमानाच्या जागी ओडिशाच्या मयूरभंजमधल्या संथाळ घरातल्या द्रौपदी मुर्मू.