पाखेतच्या दारावरचा दावा

इजिप्तमधल्या बेनी हसनची थडगी पाहायला आलेले प्रवासी बहुतेक तिथूनच मागे फिरतात. त्या थडग्यांच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर, नाईलच्या पूर्वेकडे, एक कोरडी घळ वाळवंटात शिरते. तिच्या कड्यात एक लहानसं लेणं आहे. चौकोनी खांबांची ओसरी, पुढे अरुंद बोळ, मग गाभारा आणि त्याच्या भिंतीत मूर्तीसाठी कोनाडा. बस, एवढंच. ग्रीकांना इथली देवी आपल्या शिकारी आर्तेमिससारखी वाटली, म्हणून त्यांनी याला ‘स्पेओस आर्तेमिदोस’ म्हटलं. आसपासचे लोक ‘इस्तब्ल अंतर’ म्हणतात, म्हणजे अंतर नावाच्या जुन्या अरबी वीराचा तबेला. मूळ मालकीण मात्र पाखेत, सिंहिणीच्या तोंडाची. पूर्वेकडच्या घळींतून ती हिंडते आणि तिच्या वाटा पावसाने झोडपलेल्या असतात, असं तिथला लेखच सांगतो. वाळवंटातला पाऊस म्हणजे क्षणात घळ भरून येणारा लोंढा. तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही देवी लगेच कळेल.

हे लेणं कोरवलं हत्शेपसुत राणीने, इसवी सन पूर्व 1479 ते 1458 या तिच्या कारकिर्दीत. आपलं भाजे त्यानंतर बाराशेहून अधिक वर्षांनी खोदलं गेलं. पण मला वयापेक्षा ओसरीच्या माथ्यावर कोरलेल्या लांबलचक लेखाबद्दल बोलायचंय.

त्यात राणी म्हणते, मोडलेलं ते मी उभं केलं. कुसाय गावच्या देवीचं उदाहरण देते: देऊळ इतकं गाडलं गेलं होतं की त्याच्या छपरावर पोरं नाचायची. काय चित्र आहे बघा! मग येते खरी तक्रार. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या अवारिस शहरात परके आशियाई, म्हणजे हिक्सोस, ठाण मांडून होते, ‘रे’ या सूर्यदेवाला न मानता राज्य करत होते. देवांना नकोसे झालेले हे लोक मी हाकलले, त्यांच्या पावलांचे ठसेही जमिनीने पुसून टाकले.

आता हिशोब करा. हिक्सोसांना अहमोस या इजिप्शियन राजाने हुसकावलं ते इसवी सन पूर्व 1550च्या सुमारास. म्हणजे राणी गादीवर येण्याआधी सत्तरएक वर्षं. आणि ‘रे’ला न मानणं? त्यांचा बलाढ्य राजा अपेपी. त्याच्या राजनावातच ‘रे’ आहे, आउसेररे. रिंड पपायरस हा गणिताचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच्याच तेहतिसाव्या राज्यवर्षात उतरवून काढला गेला. हे काही रानटी, नास्तिक लोकांचं लक्षण नव्हे. तरीही बराच काळ या लेखावरून हिक्सोसांचं काळंकुट्ट चित्र रंगवलं गेलं. बाई स्त्री असून फारो, म्हणजे इजिप्तचा राजा, झाली होती, तिच्यासोबत थुतमोस तिसरा हा कायदेशीर राजा होताच. अशा वेळी शत्रू जितका दुष्ट, तितकी उद्धारकर्ती थोर. माझ्या मते इतिहासापेक्षा ही जाहीर घोषणाच जास्त आहे. अर्थात देवळांची डागडुजी तिने केलीच असणार. सगळंच खोटं म्हणायचं कारण नाही.

  

पुढे लेण्यावर दुसऱ्याचा दावा आला. सेती पहिला या फारोने, जवळपास दोन शतकांनंतर, आतल्या भागात आपली चित्रं आणि आपलं नाव घातलं, आणि आई पाखेतसाठी हे स्मारक आपणच केलं असं लिहून ठेवलं. राणीने अहमोसचं श्रेय घेतलं, सेतीने राणीचं. बाहेरचा माथ्यावरचा लेख मात्र त्याने तसाच राहू दिला, त्यामुळे इजिप्तचा अभ्यासक अॅलन गार्डिनर 1946 साली त्याचं भाषांतर छापू शकला आणि आपण आज त्यावर वाद घालतोय.