उसात शिरलेला पूर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर राजकारणाच्याही आधी एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? तिथं पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं चौथीतल्या पोरालाही पाठ. पण पाणी किती चढणार हे पाऊस आणि धरण ठरवतं, तसंच काठावर काय उगवलंय तेही ठरवतं.

रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्यानं १८८९ साली मांडलेलं, पात्रातल्या पाण्याचा वेग काढायचं सूत्र अजून वापरात आहे. त्यात पात्राच्या खडबडीतपणाचा एक आकडा असतो. साफ, सरळ नदीला तो साधारण ०.०३, दाट झाडीत ०.१ च्याही वर. रुंद पात्रात हा आकडा दुप्पट झाला, की तेवढंच पाणी वाहून न्यायला खोली दीडपट लागते. दहा फुटांचे पंधरा!

आता मळीचा, म्हणजे नदीकाठच्या रानातला, ऊस डोळ्यापुढं आणा. पंचगंगा फुगून त्यात शिरते. एकेका उसामागं छोटे भोवरे सुटतात आणि पाण्याचा जोर त्यातच जिरतो. आत पाणी रेंगाळतं, बाहेर पात्रात धावतं. या दोन वेगांच्या शिवेवर मोठाले भोवरे फिरू लागतात, आणि तेच गाळ उसात ढकलतात. पूर ओसरल्यावर नदीकडच्या सऱ्यांत गाळ जाड आणि आत पातळ दिसतो, तो यामुळं.

लव्हाळ्याची तऱ्हा वेगळी. वेग दुप्पट झाला की ताठ खांबावरचा रेटा चौपट होतो; लव्हाळं मात्र आडवं होऊन अंग चोरतं, त्याच्यावर तेवढा रेटा येत नाही. जलपर्णी तर वरच तरंगते, मुळं खाली लोंबतात. तळ पाण्याला अडवत असतोच, आता वरूनही अडवणूक. मग एरवी पृष्ठभागालगत असणारी जोराची धार खाली, मधल्या थरात सरकते.

मग काठ तासून साफ करायचे? पुष्कळ जण तसं म्हणतात. मला नाही पटत. मुळांनी धरलेली माती सुटली की काठ ढासळतो आणि खालच्या बंधाऱ्यात जाऊन बसतो. शिवाय इथलं पाणी लवकर सुटलं, की ते खाली शिरोळला लवकर पोचणार. झाडी कुठं ठेवायची आणि धारेच्या तोंडची कुठली काढायची, हे जागा बघूनच ठरवावं लागतं.

यंदा पूर बघायला गेलात, आणि जालच, तर पोलीस उभे करतील तिथूनच बघा. फक्त नजर मधल्या धारेवर ठेवू नका. काठच्या झाडांच्या ओळीलगत पाणी कसं गरगरतंय, ते बघा.