चेफालूचा दिवस कसा आखावा

मंडळी, पालेर्मोहून आगगाडीनं पूर्वेकडे निघालं की तासाभरात चेफालू येतं. इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. बहुतेक पर्यटक सकाळी अकराला उतरतात, पुळणीवर पथारी टाकतात, दुपारी रणरणत्या उन्हात डोंगराकडे बघून घाबरतात आणि दुओमोत, म्हणजे इथल्या कॅथेड्रलमध्ये (मुख्य चर्चमध्ये), दहा मिनिटं डोकावून परततात. हा क्रम उलटा केला तर गाव नीट कळतं, म्हणून आज मुख्यत्वे क्रमाबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात ला रोक्कापासून करावी. गावाच्या पाठीशी उभा असलेला हा सुमारे २७० मीटर उंचीचा चुनखडीचा कडा. गाव त्याच्या पश्चिमेला वसलंय, त्यामुळे सकाळी लवकर चढलात तर वाटेचा बराचसा भाग सावलीत मिळतो. दहानंतर ती सावली सरते आणि वर झाडी तुरळक. कॉर्सो रुज्जेरोवरून सालिता साराचेनीच्या पायऱ्या लागतात, पुढे फाटकावर तिकीट. घाई न करता चढून-उतरून दोन-अडीच तास धरा. शेकडो वर्षांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झालेत, त्यामुळे चपला किंवा झिजल्या तळाचे बूट घालून जाऊ नये. लोक घसरतात ते बहुधा उतरताना. पाऊस झाला तर वाट बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. माणशी लिटरभर पाणी खालूनच भरून घ्यावं.

माथ्यापर्यंत जाणं जमलं नाही, तरी डायनाच्या मंदिरापर्यंत जरूर जा. अजस्र दगडांचं हे बांधकाम एका प्राचीन जलकुंडाला लागून आहे, आणि इथं वस्ती का टिकली याचं उत्तर त्या पाण्यात आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळात लोक संरक्षणासाठी याच कड्यावर राहत. ८५८ साली अरबांनी गाव जिंकलं. पुढे ११३१ मध्ये नॉर्मन राजा रॉजर दुसरा यानं खाली किनाऱ्यालगत गाव नव्यानं वसवलं आणि दुओमोचा पाया घातला. वादळातून वाचल्याचा नवस म्हणून त्यानं तो बांधला, अशी कथा सांगतात. मला राजकारण जास्त पटतं: आदल्याच वर्षी, ११३० च्या नाताळात, त्याला पालेर्मोत राज्याभिषेक झाला होता आणि नव्या राजघराण्याला स्वतःचं दफनस्थान हवं होतं. ११४५ साली त्यानं इथं जांभळ्या पोर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्या ठेवल्या. १२१५ मध्ये त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा यानं त्या पालेर्मोला हलवल्या. आज त्या तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत, म्हणून पालेर्मो आणि चेफालू ही दोन्ही ठिकाणं एकाच प्रवासात बघावीत.

दुओमोत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी जवळ असली की भागतं. दुपारी दार बंद असण्याची शक्यता धरूनच चाला. वेळा ऋतूनुसार बदलतात.

आत गेल्यावर थेट पुढे, वेदीमागच्या अर्धघुमटाकडे बघा. तिथलं ख्रिस्ताचं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, बायझंटाइन कारागिरांनी घडवलं, आणि भिंतीवर खाली लिहिलेल्या मजकुरात ११४८ हे साल दिलं आहे. ख्रिस्ताच्या हातातल्या उघड्या ग्रंथाच्या एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन: ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हेच वचन दोन्हीकडे, कारण राजाच्या प्रजेत दोन्ही भाषा होत्या. कपाळावर उतरलेल्या केसांच्या दोन बटा जरूर शोधा. मोझेकमधला सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये दाबलेला सोन्याचा वर्ख. असे तुकडे ओल्या गिलाव्यात किंचित तिरके बसवतात, त्यात इथली भिंतही वक्र. त्यामुळे आपण चार पावलं डावीकडे सरकलो की चमकही जागा बदलते. एकाच जागी उभं राहून फोटो काढून निघालात तर हे कळणारच नाही. मधूनमधून बसा, पुन्हा उठा, दुसऱ्या टोकाला जा. ख्रिस्ताखाली चार देवदूतांच्या मधोमध मरिया, त्याखाली दोन ओळींत प्रेषित. मागे वळून मधल्या दालनाचं लाकडी छत बघा: त्यावरची रंगीत चित्रं इस्लामी शैलीची आहेत. ती फार उंचावर आहेत, छोटी दुर्बीण असेल तर सोबत घ्या. ग्रीक, लॅटिन आणि अरबी परंपरा एका छपराखाली आल्या, म्हणून २०१५ साली पालेर्मो आणि जवळच्या मोनरेआले गावातल्या वास्तूंसोबत या वास्तूला जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

दुपारी दुकानं मिटतात. तो वेळ व्हिया व्हित्तोरियो एमानुएलेवरच्या जुन्या धुणीघाटाला द्यावा. काळ्या लाव्ह्याच्या पायऱ्या उतरून गेलं की लोखंडी तोट्यांतून, त्यातल्या बऱ्याच सिंहमुखी, चेफालीनो नदीचं थंड पाणी कुंडांत पडताना दिसतं. कपडे चोळायचे तिरके दगडही शाबूत आहेत. मांद्रालिस्का संग्रहालयात पंधराव्या शतकातला चित्रकार अँतोनेल्लो दा मेस्सिना यानं काढलेलं एका पुरुषाचं व्यक्तिचित्र आहे. वहीच्या पानाएवढंच, पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू जवळून बघावं असं.

पोहायचं ते संध्याकाळी. पोर्ता पेस्काराची कमान पश्चिमेला समुद्राकडे उघडते, तिथूनच सूर्यास्त बघावा. २ ते ६ ऑगस्ट इथल्या सान साल्वातोरेचा उत्सव असतो, तेव्हा खोली खूप आधी राखावी लागते.

परतीच्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो. मोबाइलवर प्रादेशिक गाडीचं तिकीट काढलं असेल, तर चढण्याआधी त्याचं चेक-इन करावं लागतं. शेवटची गाडी कितीची, हे सकाळी उतरल्याबरोबर बघून ठेवा.